‘आता’ म्हटल्यावर

कानात घालायच्या निवांतची जाहिरात तुम्ही पाहिली असेल. लग्नाच्या मांडवात भल्यामोठ्या स्पीकरखाली हिरव्या साडीतली एक बाई हसत उभी आहे, आणि खाली लिहिलंय, ‘चारचौघांत मिसळा, निवांत’. ती बाई माझी बायको, रत्नमाला. फोटो खरा आहे. त्या दिवशी ती खरंच हसत होती. कंपनीने मागितला तेव्हा मीच तो दिला, मोठ्या हौसेने. ती गेल्यावर मी फोटो काढून टाका म्हणून बऱ्याचदा फोन केला. पलीकडची मुलगी गोड आवाजात सांगते, काका, तुमची विनंती पुढे पाठवली आहे. परवा सांगलीच्या स्टँडवर नवीन फलक लागला. त्यातही रत्नाच आहे.

कुणाला ऊन लागतं, कुणाला बस लागते. रत्नाला आवाज लागायचा. कुकरची शिट्टी झाली की पाठीत धपाटा बसावा तशी ती वाकायची. कानापासून जबड्यापर्यंत कळ जायची आणि मग बराच वेळ डोकं धरून बसायची. ताट पडणं, फटाका, दाराची कडी, सगळं तिला लागायचं. आमच्या स्वतःच्या लग्नात शेवटची अक्षता पडली, बँडवाल्याने ताशावर काठी घातली, आणि हिच्या हातातला हार खाली पडला. लोकांनी अपशकुन म्हटलं. माझी शोभावहिनी, म्हणजे थोरल्या भावाची बायको, त्याच दिवशी म्हणाली, “भाऊजी, जपून हं, काचेचं सामान आणलंय.” ते नाव तिला कायमचं चिकटलं.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत माझ्या लक्षात आलं की आवाज होणार हे आधी सांगितलं, तर तिला कमी लागतो. दुखायचं, पण ती तयार असायची. म्हणून आमच्या घरात नियम झाला. आवाज करणाऱ्याने आधी ‘आता’ म्हणायचं. मिक्सर मी लावायचो. भांड्यात खोबरं, लसूण घालायचं, झाकण दाबून धरायचं आणि म्हणायचं, “आता.” ती ओट्यापाशी असली तर तिचे खांदे वर जायचे, श्वास धरला जायचा, आणि ती मान हलवायची. मग मी बटण दाबायचो. रस्त्यात मागून ट्रक आला की “आता”. दिवाळीत पोरं सुतळी बॉम्बला काडी लावताना दिसली की “आता”. शर्वरी, आमची मुलगी, बोलायला लागली तेव्हा तिच्या तोंडातून पहिला शब्द ‘आता’ निघाला. पण सांगायचं काम माझ्याकडेच राहिलं. पोरगी धांदरट, आवाज करून मग सांगायची.

आणि याच पोरीने मोठेपणी ड्रम वाजवायला घेतला.

मी हळदीच्या गोडाऊनवर कामाला. पोत्यांची थप्पी छतापर्यंत असते, आणि पोतं आवाज गिळतं. म्हणून मालकांना विचारून मी शर्वरी आणि तिच्या मित्रांना रविवारी तिथे वाजवायला जागा दिली. चौघांचा बँड, नाव ‘पेव’. पूर्वी हळद जमिनीखालच्या पेवात साठवायचे, त्यावरून. रॉक म्हणतात तसलं संगीत. मला विचाराल तर पत्र्यावर खडी ओतल्यासारखं वाटायचं. पहिल्या दिवशी मी पाच मिनिटांत बाहेर येऊन बसलो.

एका रविवारी शर्वरी डबा विसरली आणि रत्ना तो द्यायला गेली. मी त्या दिवशी गावाला होतो. संध्याकाळी आलो, गोडाऊनकडे गेलो, तर आत वाजवणं चाललेलं, आणि रत्ना ड्रमला लागून एका पोत्यावर बसलेली. कानांत नेहमीचे कापसाचे बोळे. एक हात ड्रमच्या कडेवर. मला वाटलं हिला चक्कर आलीय. धावत गेलो. तिने हाताने बाजूला हो म्हणून खुणावलं. तिचे खांदे खाली होते. इतक्या वर्षांत मी तिचे खांदे झोपेतसुद्धा इतके खाली पाहिले नव्हते.

पुढे दर रविवारी ती जायला लागली. तिच्या पदराला हळदीचा वास यायचा आणि ती घरी आल्यावर पोळ्या लाटताना बोटांनी पोळपाटावर ठेका धरायची. वहिनीला कळलं तेव्हा तिने अख्ख्या भावकीत सांगितलं की रत्नाला आमच्या घरच्या सनईने डोकं दुखतं आणि पोरीच्या धिंगाण्याने बरं वाटतं, म्हणजे नाटक बघा. मला ते लागलं. मी रत्नाला घेऊन मिरजेला बागवान मॅडमकडे गेलो. कानाच्या डॉक्टर, वयाने लहान, बोलायला सरळ. नाटक नाही हे मला कुणा शिकलेल्याच्या तोंडून हवं होतं.

मॅडमनी सांगितलं ते मला कळलं तसं सांगतो. कान आवाज फक्त आत घेतो. तो किती मोठा वाटायचा ते मेंदू ठरवतो. मेंदू सारखा अंदाज बांधत असतो, पुढे काय येणार. अंदाज बरोबर आला की तो आवाज बारीक करून टाकतो, म्हणून पंखा थोड्या वेळाने ऐकूच येत नाही. रत्नाच्या मेंदूत हे बारीक करणं नीट होत नाही. दहावी शिट्टीही तिला पहिलीसारखीच लागते. शर्वरीचं वाजवणं मोठं, पण त्यात अचानक काही नाही. एकदा सुरू झालं की भिंतीसारखं उभं राहतं. पुढचा ठोका कुठे पडणार ते आधीचा ठोका सांगतो, हात ड्रमवर असला की अंगालाही कळतं, आणि बाहेरची एकही शिट्टी त्या भिंतीतून आत येत नाही. शिवाय ती आपल्या मर्जीने बसलेली असते, नको झालं तर उठू शकते.

“पण असं सगळ्यांचं नसतं,” मॅडम म्हणाल्या. ते खरंच होतं. बँडमधल्या गिटारवाल्या तन्मयच्या भावालाही आवाज लागायचा, पण तो पहिल्या ठोक्याला कान दाबून रस्त्यावर पळाला होता. मॅडमनी रत्नाला बोळ्यांऐवजी चांगले प्लग दिले आणि थोडा वेळच बसायला सांगितलं, कारण इतक्या मोठ्या आवाजाने चांगले कानही जातात. मग हसून मला म्हणाल्या, “म्हणजे तुमचं ‘आता’ आणि मुलीचा ड्रम एकच काम करतात.”

मी खूश झालो. एवढ्यावर थांबायला हवं होतं असं शर्वरी म्हणते. पण त्याच वर्षी निवांत बाजारात आलं, आणि भावाच्या मुलाचं लग्न ठरलं.

निवांत म्हणजे कानात घट्ट बसणारा मोत्याएवढा खडा. बाहेरचा आवाज तो अडवतो, त्यातला हवा तेवढाच आत सोडतो. कानामागे त्याची एक पट्टी असते, ती नाडी आणि घाम बघते. अंग घाबरलं की ती ओळखते, आणि घाबरण्याच्या आधी कोणता आवाज आला होता ते लक्षात ठेवते. असं चार-सहा वेळा झालं की तो आवाज बंद. नुसता दुखवणारा आवाजच नाही, तर त्याच्या आधी येणारी चाहूलसुद्धा यंत्र शिकतं. शिट्टीच्या आधी कुकर फुसफुसतो, तर ते फुसफुसणं ओळखून शिट्टीआधीच कान मिटतात. मॅडम म्हणाल्या होत्या की यंत्र चांगलं आहे, पण ते कशावर शिकतं ते बघत राहावं लागेल. हे आम्ही ऐकलं आणि विसरलो.

शर्वरी विरोधात होती. आईचं ठीक चाललंय, म्हणाली. रत्ना मला म्हणाली, “तुम्हाला वाटतं तर घालते. तुमच्या भावाच्या मांडवात एकदा तरी मी शेवटपर्यंत उभी राहीन.”

आणि राहिली. अक्षता पडल्या, बँड वाजला, रत्ना स्पीकरखाली उभी राहून हसत होती. वहिनीने तिचा हात धरून पाहुण्यांत फिरवलं, काचेचं सामान म्हणाली नाही. पंगतीत रत्ना बायकांच्या मधोमध बसून जेवली. मी लांबून बघत होतो आणि पानात वाढलेलं जेवायचं विसरलो, इतका आनंद झाला होता. तोच तो फोटो.

मग रविवार आला. रत्ना गोडाऊनमध्ये तिच्या पोत्यावर बसली, हात ड्रमवर ठेवला, शर्वरीने वाजवायला घेतलं. पहिले काही रविवार ठीक गेले. मग एकदा गाणं संपल्यावर रत्ना म्हणाली, “सुरू करा की.”

चौघं एकमेकांकडे बघत राहिली.

ड्रम वाजला की तिची नाडी जोरात चालायची. आनंदाने. पण यंत्राला नाडी कळते, आनंद कळत नाही. भीतीने काळीज धडधडलं काय आणि सुखाने धडधडलं काय, पट्टीवर एकच रेघ उठते. निवांतने तिचा सगळ्यात आवडता आवाजच बंद करून टाकला होता. मी कंपनीला फोन केला. ते म्हणाले, ग्राहकाच्या आरोग्यासाठी मोठा आवाज पुन्हा चालू करता येत नाही.

रत्ना गोडाऊनमध्ये खडे काढून बसायला लागली. पण दिवसभर कान मिटलेले राहिले की मेंदू आतून आवाजाचं बटण वाढवत नेतो. अंधाऱ्या खोलीतून उन्हात आल्यासारखं होतं. एका रविवारी झांज वाजली आणि रत्ना पोत्यावरून खाली पडली. पूर्वी ज्या आवाजाने तिचे खांदे उतरायचे, त्याच आवाजाने. शर्वरीने काठ्या फेकून दिल्या. दोन पोत्यांच्या मध्ये आईला कुशीत घेऊन बसली. त्या दिवसापासून रत्नाने खडे काढलेच नाहीत, आणि गोडाऊनकडे जाणंही सोडलं.

त्याच सुमाराला ती माझ्याशी बोलेनाशी झाली. म्हणजे बोलायची, पण मी विचारलेलं एक, तिचं उत्तर दुसरंच. मी म्हणायचो, मीठ कमी आहे, ती म्हणायची, हो, उद्या जाऊन या. सारखी माझ्या तोंडाकडे बघत राहायची. मी गोडाऊनवर सगळ्यांना सांगितलं, या वयात बायको तोंडाकडे बघत बसते, काय समजायचं? हमाल हसले. मीही हसलो. पाठमोरी असली की मात्र ती मला उत्तरच द्यायची नाही, आणि मला वाटायचं, हिचा राग आहे. ड्रम गेल्याचा राग माझ्यावर काढतेय. मग मीही तोंड बंद केलं. आमच्यात महिना दीड महिना नुसतं जेवायला वाढणं आणि ताट उचलणं राहिलं.

शर्वरीच्या लक्षात आलं. एका सकाळी मी मिक्सरचं झाकण धरून, सवयीने, “आता” म्हणालो. रत्ना पाठमोरी भाजी चिरत होती. खांदे हलले नाहीत. शर्वरीने दारातून हळूच हाक मारली, “आई.” रत्ना लगेच वळली. शर्वरी मला म्हणाली, पप्पा, तुम्ही बोला काहीतरी. मी रत्नाच्या मागे उभा राहून तिला नावाने हाक मारली. सगळ्या आयुष्यात मी तिला अशी नावाने हाक मारली नव्हती, नेहमी अगं. ती चिरत राहिली.

“पप्पा,” शर्वरी म्हणाली, “आईला तुमचा आवाज येतच नाही.”

बागवान मॅडमनी यंत्र तपासलं. मग म्हणाल्या की यंत्राने काही चुकीचं केलं नाही. ते चाहूल शोधतं. या घरात प्रत्येक दुखण्याच्या आधी एकच गोष्ट नेमाने यायची. नवऱ्याचा आवाज, ‘आता’ म्हणणारा. निवांत आल्यावर गरज नव्हती, तरी मी म्हणत राहिलो, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने तिची नाडी त्या शब्दावर उडत राहिली. यंत्राने आधी तो शब्द मिटवला. मग तो शब्द बोलणारा माणूसच मिटवला.

शर्वरीने विचारलं, “आई, तुला माहीत होतं?”

रत्नाला मुलीचा आवाज येत होता. तिने मान हलवली. “पुतण्याच्या लग्नानंतर थोड्याच दिवसांत यांचा आवाज कमी व्हायला लागला. मग गेलाच. ओठ बघून बरंचसं कळतं.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“यांनी तो फोटो फ्रेम करून आणला होता,” रत्ना म्हणाली.

मॅडमनी उपाय सांगितला. शिकलेलं पुसलं तर निवांत पुन्हा नव्याने शिकणार, आणि तेच शिकणार. खरा इलाज एकच. खडे काढायचे आणि कानांना हळूहळू पुन्हा आवाजाची सवय लावायची. बरेच महिने लागतील, आधीपेक्षा जास्त दुखेल. रत्नाने कानातला एक खडा बोटाने चाचपला. मग शर्वरीला म्हणाली, “यांना सांग, यांच्या ‘आता’नंतर दुखायचं, पण दुखणार ते आधी कळायचं. हल्ली दुखत नाही आणि काही कळतही नाही. काढते मी.” मी समोर बसलेलो असताना ती मला पोरीकडून निरोप देत होती.

ते दिवस वाईट होते. पाण्याचा नळ सोडला तरी ती भिंतीला टेकायची. मी घरात अनवाणी चालायचो, भांड्यांखाली टॉवेल घालायचो. पण ‘आता’ म्हटलं की ती मान हलवायची. तिला माझा आवाज यायला लागला होता, आणि तो लागतही होता, दोन्ही. पाऊस संपताना ती रविवारी पुन्हा निघाली. आधी गोडाऊनच्या फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून बसली. मग फाटकाच्या आत. मग दारात. शर्वरी मुद्दाम दमानं वाजवायची. तन्मय चिडवायचा, काकू, तिकीट मागचं काढलंय वाटतं, पुढे या. रत्ना म्हणायची, येते रे, पोत्यापोत्यानं येते. दिवाळीपर्यंत ती पहिल्या थप्पीपर्यंत आली. संक्रांतीनंतर कोल्हापूरच्या मैदानावर ‘पेव’चा मोठा कार्यक्रम ठरला होता. त्याआधी ड्रमपाशी पोहोचायचं असं तिने ठरवलं होतं. मधे दोन थप्प्या उरल्या होत्या.

मग थंडीत न्यूमोनिया झाला. साधा ताप म्हणता म्हणता छातीत उतरला आणि आयसीयूत न्यावं लागलं.

तुम्ही आयसीयूत गेला असाल तर माहीत असेल. तिथे शांतता नसतेच. प्रत्येक खाटेला यंत्र, प्रत्येक यंत्राचा वेगळा आवाज, आणि सगळे अचानक. पहिल्या संध्याकाळी रत्ना प्रत्येक आवाजाला खाटेवर उडत होती. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, त्यात तिचं ओरडणं अडकत होतं. ठोके इतके वाढले की डॉक्टर म्हणाले, हे असंच राहिलं तर हृदय थकेल. यांच्याकडे ते जाहिरातीतलं निवांत आहे ना? शर्वरीने माझ्याकडे बघितलं. मी घरी जाऊन डबीतून खडे आणले. मीच तिच्या कानात घातले. घालताना म्हणालो, “अगं, थोडेच दिवस.” दुसरा खडा बसेपर्यंतच तिला ते ऐकू आलं असेल.

ती निजली. त्यानंतर मी तिच्याशी पुष्कळ बोललो. डोळे उघडले तर ओठ बघेल म्हणून तोंड जवळ नेऊन बोललो. तापाने डोळे उघडत नव्हते. शर्वरी बोलली की मात्र तिची बोटं हलायची.

एके दुपारी डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, जवळच्या माणसांनी बोलून घ्या.

मी खाटेपाशी उभा राहिलो. खडा काढला तर तिला माझा आवाज ऐकू जाईल. पण माझ्या आवाजाच्या आधी आणि नंतर त्या यंत्रांचे आवाजही जातील. सकाळी नर्सने पुसायला एक खडा काढला होता, तेव्हा शेजारच्या यंत्राच्या आवाजाने तिचं अख्खं अंग धनुष्यासारखं वाकलेलं मी पाहिलं होतं. मी हात तिच्या कानापर्यंत नेला आणि मागे घेतला. पुन्हा नेला, पुन्हा मागे घेतला.

शर्वरी म्हणाली, “पप्पा, तुम्ही सांगा. मी बोलते.”

पोरीसमोर काय बोलणार? आम्हाला तसली सवय नाही.  मी म्हणालो, “सांग, गॅस बंद करून आलोय.”

शर्वरी कानाशी वाकली. “आई, पप्पा म्हणतायत, गॅस बंद करून आलेत.”

मास्कमध्ये वाफ आली. हसली असावी.

“सांग, गोडाऊनमधलं तिचं पोतं मी हलवू दिलं नाही. मालकांनी माल काढला तरी ते तिथेच आहे.”

शर्वरीने सांगितलं. तिचा आवाज मधेच फाटला, पण तिने पूर्ण सांगितलं.

“आणखी?” तिने विचारलं.

पडद्यावरचे आकडे उतरत होते. आता काय होणार ते मला दिसत होतं. आमच्या घरात तिला न सांगता मी कधी साधं दारही लावलं नव्हतं.

मी म्हणालो, “तिला ‘आता’ म्हण.”

 शर्वरी वाकली, आईच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, “आई. आता.”

मुलीच्या आवाजातलं ‘आता’ यंत्राने अडवलं नाही. त्या आवाजापाठोपाठ तिला कधी दुखलं नव्हतं. रत्नाचे खांदे किंचित वर आले. तिने श्वास धरला. आणि मिक्सरपाशी हलवायची तशी मान हलवली.

मग खाटेमागच्या यंत्राचा आवाज एकसारखा लांब झाला. तो तिला ऐकू गेला नाही. तिचे खांदे खाली आले. आम्हा दोघांना तो आवाज लागला.